महाराष्ट्रातील नद्यांचे प्राचीन गाळथर

महाराष्ट्रातील नद्यांचे प्राचीन गाळथर म्हणजे गोदावरी, प्रवरा, घोड, कुकडी, मुळा-मुठा, कऱ्हा, तापी आदी नद्यांच्या काठी आढळणारे गोटे, वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे एकावर एक साचलेले थर होत. यांतील बहुतेक थर प्लाइस्टोसीन (सुमारे २६ लाख ते ११,७०० वर्षांपूर्वी) आणि त्यानंतरच्या होलोसीन या कालखंडांतील आहेत. नदीने पुढे आपले पात्र खोल खोदले, की हे थर काठाच्या उभ्या दरडीत उघडे पडतात. त्यांतील कणांचा आकार, थरांची ठेवण, चुनखडीचे खडे, प्राण्यांचे जीवाश्म आणि मानवाची दगडी हत्यारे यांच्या आधारे त्या काळातील नदीचा वेग, पुरांचे स्वरूप आणि हवामान यांविषयी अनुमाने केली जातात. महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घातला. नेवासे (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) आणि बोरी (ता. जुन्नर, जि. पुणे) ही या अभ्यासातील दोन सर्वांत महत्त्वाची स्थळे आहेत. दोन्ही ठिकाणी पहिले वाचन पुढे बदलावे लागले.

थर कसा साचतो

वाहत्या पाण्याची वहनशक्ती त्याच्या वेगावर अवलंबून असते. वेग वाढला की नदी मोठे दगड लोटते आणि मंदावला की जड कण आधी टाकते. त्यामुळे एकाच पुरात तळाशी गोटे, त्यावर वाळू, त्यावर पोयटा आणि शेवटी चिकणमातीचा पातळ लेप असा क्रम तयार होऊ शकतो. भूविज्ञानात कणांचे वर्गीकरण त्यांच्या व्यासावरून करतात. २ मिलिमीटरपेक्षा मोठा तो खडा किंवा गोटा, २ ते ०.०६ मिलिमीटर ती वाळू, त्याहून बारीक तो पोयटा आणि ०.००४ मिलिमीटरपेक्षाही सूक्ष्म ती चिकणमाती. चिमूटभर माती दाताखाली धरून पाहण्याची जुनी पद्धत क्षेत्रात आजही वापरली जाते. पोयटा किंचित करकरतो, चिकणमाती करकरत नाही.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एकदा बसलेली चिकणमाती पुन्हा उचलण्यासाठी वाळू उचलण्यापेक्षा अधिक वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना घट्ट चिकटून राहतात. स्वीडिश शास्त्रज्ञ फिलिप युल्स्ट्रोम यांनी १९३५ साली हे आलेखाने दाखवून दिले. म्हणूनच पुढच्या पुरात वाळू वाहून जाते, पण तिच्याखालचा चिखलाचा थर पुष्कळदा टिकून राहतो. दरडीत दिसणारी नोंद ही नदीने केलेल्या सर्व कामाची नोंद नसते. जे वाहून गेले नाही, तेवढेच तिच्यात उरते. दोन थरांमधल्या एका रेषेत कधी कधी हजारो वर्षांचा काळ हरवलेला असतो. वाचकाने ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवलेली बरी.

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे तत्त्व डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडले. ते आज स्वयंसिद्ध वाटते. परंतु नद्यांच्या बाबतीत ते जपून लावावे लागते. नदी आपलेच जुने थर खोदते आणि त्या खाचेत नवा गाळ भरते. अशा वेळी नवा थर जुन्याच्या वर नसून त्याच्या कुशीत, कधी त्याच्याहून खालच्या पातळीवर असतो. काठावरच्या दोन दरडी एकाच उंचीच्या दिसल्या म्हणून त्यांतील थर समकालीन ठरत नाहीत.

थरांतील खुणा

वर सांगितलेला क्रम समजून घेण्यासाठी मोठ्या नदीकाठी जाण्याची आवश्यकता नाही. पालघर जिल्ह्यात आशागड, डहाणू, तलासरी या पट्ट्यात पावसाळा संपल्यावर कोणत्याही ओढ्याच्या कोरड्या पात्रात तो पाहता येतो. प्रवाहाच्या मध्यभागी गोटे असतात, वळणाच्या आतल्या बाजूस वाळूची उतरती पाट असते आणि कडेच्या खळग्यात साचलेला चिखल उन्हाने भेगाळून पापुद्र्यांसारखा वळलेला असतो. प्राचीन दरडीत हीच दृश्ये गोठून राहिलेली असतात.

चपटे गोटे प्रवाहात पत्त्यांसारखे एकमेकांवर रेलतात आणि त्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतो. त्यामुळे दरडीतील गोट्यांचा कल मोजून हजारो वर्षांपूर्वीची नदी कोणत्या दिशेने वाहत होती हे सांगता येते. वाळूचे तिरपे थर याच्या उलट वागतात. पाण्याखालील वाळूचा उंचवटा पुढे सरकताना त्याच्या पुढच्या उतारावरून वाळू घसरते, म्हणून तिरप्या थरांचा उतार प्रवाहाच्या खालच्या दिशेला असतो. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी मिळाल्या आणि त्यांनी एकच दिशा दाखवली, तर अनुमान पक्के मानतात.

नागमोडी नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर वाळू रचत सरकते. परिणामी तळाशी गोटे, मध्ये तिरपी वाळू आणि वर पूरमैदानाचा पोयटा अशी वर जाताना बारीक होत जाणारी मालिका तयार होते. अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या, बेटे करणाऱ्या नदीच्या थरांत मात्र गोटे आणि वाळू यांची भिंगे एकमेकांत घुसलेली दिसतात आणि पोयटा फार थोडा असतो. अशा रीतीने केवळ नदीचे अस्तित्वच नव्हे, तर तिची चालही ओळखता येते.

पोयट्यात आढळणारे चुनखडीचे खडे हवामानाविषयी बोलतात. जमिनीत मुरलेले पाणी कोरड्या ऋतूत वर ओढले जाऊन वाफ होते आणि त्यात विरघळलेला चुना मातीत खड्यांच्या रूपाने मागे राहतो. अर्धशुष्क प्रदेशात, जेथे ओला आणि दीर्घ कोरडा असे दोन ऋतू असतात, तेथे ही क्रिया चांगली होते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात चुना धुऊन जातो. हाच चुना गोट्यांच्या थरांत भरला, की ते गोटे सिमेंट घातल्याप्रमाणे एकसंध होतात. त्या खडकाला पिंडाश्म म्हणतात. घाटावरील नद्यांच्या तळाशी असलेला जुना पिंडाश्म इतका कठीण असतो, की त्यातील हत्यारे छिन्नीने सोडवावी लागतात.

दख्खनच्या नद्यांचे वेगळेपण

गंगेच्या मैदानात गाळाची जाडी कित्येक शेकडो मीटर आहे. महाराष्ट्रातील नद्या तशा नाहीत. त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टवर वाहतात आणि त्यांचा गाळ साधारणपणे दहा-वीस मीटर जाडीचा, पात्रालगतच्या अरुंद पट्ट्यापुरता असतो. पुष्कळ ठिकाणी नदी थेट खडकावरून वाहते. कुकडी नदीतील निघोजचे रांजणखळगे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. एवढ्या तुटपुंज्या गाळातून लाखो वर्षांचा इतिहास वाचायचा असल्याने प्रत्येक दरड मोलाची ठरते.

दुसरी अडचण खडकाच्या एकसारखेपणाची आहे. ज्या नदीच्या खोऱ्यात अनेक प्रकारचे खडक असतात, तेथे गोट्यांवरून ते कोठून आले ते कळते. गोदावरी किंवा भीमा यांच्या उगमाकडील खोऱ्यांत जिकडेतिकडे बेसाल्ट, आणि त्याच्या पोकळ्यांतून सुटलेले चर्ट, कॅल्सेडोनी, जास्पर यांचे तुकडे. वाळूत क्वार्ट्झ कमी असल्यामुळे वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला हे मोजणारी प्रकाशदीप्ती पद्धतही येथे सहजासहजी लागू पडत नाही. किरणोत्सर्गी कार्बनची पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे जात नाही. म्हणून दख्खनच्या थरांचे वय हा नेहमीच वादाचा विषय राहिला आहे.

तिसरी गोष्ट पावसाची. गोदावरी, प्रवरा, घोड, कुकडी या नद्या सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या माथ्यावर उगम पावतात आणि लगेच पर्जन्यछायेत उतरतात. त्यामुळे नेवाशाच्या दरडीत नेवाशाच्या पावसाची नोंद शोधणे पुरेसे नाही. तेथे वाहणारे पाणी बहुतांशी दूरच्या घाटमाथ्याचे असते, तर दरडीतील मातीचा बराच भाग वाटेतील कोरड्या, झाडोरा विरळ असलेल्या उतारांवरून आलेला असतो. पाणी एका हवामानाचे आणि गाळ दुसऱ्या, असा हा प्रकार आहे.

नेवासे : प्रवरेची दरड

प्रवरा ही गोदावरीची उपनदी. तिच्या काठचे नेवासे मराठी वाचकांना ज्ञानेश्वरीच्या रचनेचे स्थान म्हणून ठाऊक असते. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरीची रचना जेथे झाली असे परंपरा मानते, त्या गावाच्या पायथ्याशी असलेल्या नदीकाठाने अश्मयुगाच्या अभ्यासालाही एक परिमाण दिले. डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–१९८९) यांनी येथे १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात उत्खनने केली.

प्रवरेच्या दरडीचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे. तळाशी बेसाल्टचा खडबडीत पृष्ठभाग. त्यावर मोठ्या गोट्यांचा, चुन्याने घट्ट झालेला पिंडाश्म, आणि त्यात हातकुऱ्हाडी व फरश्या, म्हणजे ॲश्युलियन परंपरेची पूर्व पुराश्मयुगीन हत्यारे. त्यावर चुनखडीचे खडे असलेला तपकिरी पोयटा. मग दुसरा, अधिक बारीक गोट्यांचा थर आणि तिरप्या थरांची वाळू. त्यात चर्ट व जास्परच्या छिलक्यांपासून केलेल्या तासण्या आणि टोचे सापडतात. ही हत्यारे वेगळ्या, मध्य पुराश्मयुगीन काळाची आहेत हे सांकलियांनी येथेच थरांच्या आधारे स्पष्ट केले. त्यांसाठी पुढे ‘नेवासियन’ अशी संज्ञाही रूढ झाली. त्याच्याही वर पुन्हा पोयटा, आणि सर्वांत वर ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीची पांढरी. आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. नेवाशाला या पांढरीखाली लाखो वर्षांची नदी आहे.

या थरांतून रानबैल (बॉस नमाडिकस) या नामशेष प्राण्याचे जीवाश्म मिळाले आहेत. मोठे चरणारे प्राणी म्हणजे गवताळ प्रदेश, असे त्यावरून समजले जाते. मात्र नदीच्या गाळातील हाड हे प्राणी जगला त्या जागीच पडलेले असते असे नाही. हाडाच्या कडा झिजलेल्या आहेत की नाहीत, जुळणारी हाडे एकत्र आहेत की विखुरलेली, हे पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकता येत नाही. हत्यारांचेही तसेच. धार शाबूत असलेली हातकुऱ्हाड फारशी वाहिलेली नसते. गोटोळ झालेली हातकुऱ्हाड कोणत्याही जुन्या थरातून उखडून नव्या थरात आलेली असू शकते, आणि मग ती थराचे वय सांगत नाही.

हा प्रश्न जर्मन संशोधिका गुडरुन कॉर्विनस यांनी नेवाशाजवळच्या चिरकी येथे हाती घेतला. १९६६ ते १९६९ या काळात त्यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले आणि प्रवरा खोऱ्याचे सर्वेक्षण दोन खंडांत (१९८१ व १९८३) प्रसिद्ध केले. चिरकीची ॲश्युलियन हत्यारे नदीने दुरून वाहून आणलेल्या गोट्यांत मिसळलेली नसून बेसाल्टच्या पृष्ठभागावरील दगडगोट्यांच्या थरात, माणसाने ती टाकली त्या जागेच्या बऱ्याच जवळ होती, असे त्यांच्या कामातून दिसले. म्हणजे ज्याला सरसकट ‘पहिला गोटा-थर’ म्हटले जात होते, त्यात प्रत्यक्षात दोन भिन्न परिसर होते. एक नदीचे पात्र आणि दुसरा ओढ्याकाठचा दगडाळ उतार, जेथे माणसे वावरत होती.

नेवाशाच्या थरांतील चुनखडीचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने साडेतीन लाख वर्षांहून अधिक आले आहे. ही त्या पद्धतीची मोजण्याची कमाल मर्यादा असल्यामुळे, खरे वय त्यापलीकडे किती आहे ते या आकड्यावरून कळत नाही.

गोटे म्हणजे पाऊस? एका समजुतीचा इतिहास

आरंभीच्या काळात गोट्यांचा थर म्हणजे ओले हवामान आणि पोयट्याचा थर म्हणजे कोरडे हवामान असे सरळ समीकरण मांडले जात असे. १९३५ साली हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांनी काश्मीर, पंजाब आणि नर्मदेच्या खोऱ्यात केलेल्या कामाचा (प्रकाशन १९३९) भारतीय अभ्यासकांवर मोठा प्रभाव होता. युरोपात हिमयुगे आणि मधले उबदार काळ, तर भारतात ओले आणि कोरडे काळ, अशी जोडी जुळवण्याकडे सर्वांचा कल होता. दरडीत गोट्यांचे तीन थर दिसले की तीन ओले काळ ठरत. सोयीची म्हणून ही क्रमांकपद्धती चांगली होती. पण ‘गोटा-थर एक’ असे नाव दिले, की शंभर किलोमीटर दूरच्या दुसऱ्या नदीतला ‘गोटा-थर एक’ हा तोच, असे मन आपोआप धरून चालते. या अभ्यासातील पुष्कळ घोटाळे या एका सवयीतून झालेले आहेत.

डेक्कन कॉलेजातील भू-पुरातत्त्वज्ञ शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरा, मुळा-मुठा, घोड इत्यादी नद्यांच्या काठच्या प्रत्यक्ष पाहणीतून हे समीकरण तपासले. विश्वास काळे आणि राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांचा अलीकडचा भूइतिहास मांडला. त्यातील मूळ विचार असा. नदी गाळाने भरून येते, म्हणजे तिच्या पात्राची पातळी उंचावते, ती पाणी वाढल्यामुळे नव्हे, तर पाण्याच्या मानाने गाळ जास्त झाल्यामुळे. मोसमी पाऊस दुर्बळ झाला की डोंगरउतारांवरचे गवत-झुडपे विरळ होतात, तुरळक सरींनी माती सुटते, पण ती पुढे लोटण्याइतके पूर नदीला येत नाहीत. नदी गुदमरते आणि पोयटा साचत जातो. मोसमी पाऊस जोमाने परतला की उतार हिरवे होतात, माती धरली जाते, स्वच्छ आणि जोरकस पाणी नदीत येते आणि ती आपलाच गाळ खोदू लागते.

या वाचनानुसार, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, जगभर हिमयुगाचा कळस होता तेव्हा, दख्खनच्या नद्या गाळाने भरत होत्या. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस बळावल्यावर त्यांनी पात्रे खोल खोदली. त्यानंतरच्या हजारो वर्षांत त्या खाचेत पुन्हा नवा, कमी उंचीचा गाळ साचला. आज प्रवरेच्या किंवा घोडेच्या काठी जी उंच दरड दिसते, ती मुख्यतः त्या कोरड्या काळाने रचलेली आणि नंतरच्या ओल्या काळाने कापलेली आहे.

याचा एक परिणाम लक्षणीय आहे. पावसाने भरलेला, नदीने भरपूर वाहिलेला काळ दरडीत थर म्हणून उरतच नाही. तो दोन थरांमधली झीज म्हणून, म्हणजे एका वाकड्यातिकड्या रेषेच्या रूपाने उरतो. ओल्या काळाचा पुरावा शोधायचा तर तो थरांत नव्हे, थरांच्या सांध्यात शोधावा लागतो.

ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीचे लोक इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात प्रवरा, गोदावरी, घोड यांच्या काठी राहू लागले, ते या उंच जुन्या गाळावर. त्यांच्या पांढरीखालील पोयटा त्यांच्या वस्तीहून जुना, एवढी वयाची एक मर्यादा त्यामुळे आपोआप मिळते. घोडकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथील उत्खननात (१९६८–१९८२) नदीचे पाणी वळवण्यासाठी केलेल्या बांधाचे आणि पाटाचे अवशेष सापडले. नदी कशी वागते याचे वाचन त्या शेतकऱ्यांनीही आपल्या परीने केले होते.

बोरी : राखेचा थर आणि वयाचा वाद

कुकडीकाठच्या बोरी येथे पोयटा आणि गोटे यांच्यामध्ये करड्या-पांढऱ्या रंगाच्या, हाताला पिठासारख्या लागणाऱ्या पदार्थाचा थर आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आदींनी तो ज्वालामुखीची राख म्हणून ओळखला. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे काचेचे टोकदार, वक्र तुकडे दिसतात. दख्खनच्या काळ्या बेसाल्टशी तिचा काही संबंध नव्हता. ती सिलिकासमृद्ध होती. वर म्हटलेली एकाच खडकाची अडचण येथे उपयोगी पडली. आजूबाजूला तसे काहीच नसल्यामुळे राख बाहेरची आहे हे लगेच लक्षात आले. ती सुमारे तीन हजार किलोमीटरवरील सुमात्रा बेटातल्या टोबा ज्वालामुखीची असावी, याविषयी पुढे सर्वसाधारण एकमत झाले.

राखेचे महत्त्व असे, की स्फोट ही भूविज्ञानाच्या मापाने क्षणाची घटना. तिचा थर जेथे जेथे सापडेल, तेथे तेथे तो एकाच तारखेची रेघ ओढतो. बोरीच्या राखेशी निगडित गोट्यांच्या थरांत ॲश्युलियन हत्यारे होती. राखेचे वय कळले की भारतातील हातकुऱ्हाडी बनवणाऱ्या मानवाचा काळ कळणार होता. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिले वय सुमारे १४ लाख वर्षे आले. हे खरे असते तर ती त्या वेळी भारतातील निश्चित वय असलेली सर्वांत प्राचीन मानवी निशाणी ठरली असती. नंतरच्या आर्गॉन-आर्गॉन मोजणीत ते ६.७ लाख वर्षे आले. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, फिल शेन, जॉन वेस्टगेट आदींनी काचेच्या रासायनिक घटनेवरून ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची असल्याचे मत मांडले. १९९८ मध्ये त्यांनी ते भारतीय द्वीपकल्पातील टोबाच्या सर्वच राखांना लागू केले.

एकच थर, एकच दरड, आणि वय १४ लाख की पाऊण लाख? या वादाचे मर्म गाळाच्या स्वरूपात आहे. आकाशातून पडलेली राख मुळात पातळ असते. ती पावसाने उतारांवरून धुऊन नदीत येते आणि खळग्यांत जाड थराने साचते. वाटेत तिच्यात स्थानिक कण मिसळतात. साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टचे थोडेसे कण जरी नमुन्यात राहिले, तरी मोजलेले वय खऱ्या वयापेक्षा फुगते. म्हणून मोठी वये संशयास्पद, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की टोबाचे स्फोट एकाहून अधिक वेळा झाले. सुमारे आठ लाख, पाच लाख आणि पाऊण लाख वर्षांपूर्वी असे तीन मोठे स्फोट ज्ञात आहेत. त्यांच्या काचेची रासायनिक घटना परस्परांशी इतकी जवळची आहे, की तेवढ्यावरून स्फोट ओळखणे धोक्याचे. शिवाय ॲश्युलियन हत्यारे पाऊण लाख वर्षांपूर्वीपर्यंत या खोऱ्यात तशीच चालू होती असे मानावे लागेल, आणि थरांच्या इतर पुराव्याशी ते जुळत नाही.

नंतरची भर दुसऱ्या पक्षाच्या बाजूने पडली आहे. बोरी आणि कऱ्हाकाठचे मोरगाव (ता. बारामती) येथील गाळांच्या चुंबकीय तपासणीत कणांची दिशा आजच्या उलट आढळली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सध्याच्या स्थितीत शेवटचे उलटले ते सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे तो गाळ त्याआधीचा असावा. २०११ मध्ये रॉब वेस्टअवे, शीला मिश्रा आदींनी प्रसिद्ध केलेल्या आर्गॉन वयांनुसार दोन्ही ठिकाणची राख सात ते आठ लाख वर्षांच्या टप्प्यात येते. त्याच वर्षी तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील ॲश्युलियन हत्यारे किमान १० लाख वर्षांहून जुनी असल्याचे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यामुळे भारतातील हातकुऱ्हाडींचे प्राचीनत्व आता केवळ बोरीवर अवलंबून राहिलेले नाही. बोरीच्या राखेविषयी मात्र सर्वांचे एकमत झालेले नाही.

पुरांची नोंद

तापी आणि नर्मदा यांच्या खडकाळ घळ्यांत आणखी एका प्रकारचे थर सापडतात. महापुराचे पाणी उपनद्यांच्या मुखात किंवा काठच्या खोबणीत शिरून स्थिर होते आणि तेथे बारीक वाळू-पोयट्याचा एकेक थर ठेवून जाते. सर्वसाधारण पूर तेवढ्या उंचीवर पोचतच नाहीत. त्यामुळे एक थर म्हणजे एक महापूर अशी मोजदाद करता येते, आणि थराच्या उंचीवरून पाण्याच्या पातळीचा अंदाज बांधता येतो. विश्वास काळे, शीला मिश्रा आणि व्हिक्टर बेकर यांनी २००३ मध्ये या नद्यांतील अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. मोठे पूर काळात सारख्या अंतराने विखुरलेले नसून काही शतकांत दाटीने येतात आणि काही शतके त्या मानाने शांत जातात, असे त्यांतून दिसते. शंभर-दीडशे वर्षांच्या लेखी नोंदींवरून धरणांच्या सांडव्यांची क्षमता ठरवणाऱ्यांना याची दखल घ्यावी लागते.

कोकणातील स्थिती

सह्याद्रीच्या पश्चिमेस, वैतरणा, सूर्या आणि अन्य लहान नद्यांच्या खोऱ्यांत, घाटावरच्यासारख्या उंच जुन्या दरडी क्वचितच आढळतात. नद्या आखूड, उतार तीव्र आणि पाऊस प्रचंड असल्याने गाळ साठून राहण्याऐवजी थेट खाडीत जातो. त्यातच समुद्रपातळीचा प्रश्न येतो. हिमयुगाच्या कळसाला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. त्या काळातील कोकणी नद्यांची मुखे आणि त्यांचा गाळ आज समुद्राखाली आहे. किनाऱ्यावर मात्र शंखशिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने बांधली जाऊन झालेला, ‘करळ’ या नावाने ओळखला जाणारा खडक समुद्रपातळीच्या चढउतारांची साक्ष देतो. कोकणातील या काळाचा सविस्तर अभ्यास स्टॅटिरा गुझदर यांनी केला असून तो १९८० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.

कोकणात ज्या एका ठिकाणी गोटे आणि चिकणमाती यांची मालिका हत्यारांसह नोंदली गेली, ते डहाणूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे कांदिवली होय. नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी तेथे चिकणमाती आणि गोट्यांचे एकावर एक थर व त्यांत पूर्व पुराश्मयुगापासून पुढील काळांपर्यंतची हत्यारे असल्याचे १९३९ साली प्रसिद्ध केले. सबंध पश्चिम किनाऱ्यासाठी तो क्रम काही काळ प्रमाण मानला गेला. पुढील अभ्यासकांनी त्यातील सर्वांत खालच्या हत्यारांविषयी आणि थरांच्या क्रमाविषयी शंका घेतल्या.

जतन आणि नाश

गाळथरांना खडकासारखे टिकाऊपण नाही. प्रवराकाठी पावसाच्या पाण्याने घळी पडून दरडी खचतात. ही झीज नैसर्गिक आहे आणि तिच्यामुळे नवे छेद उघडेही पडतात. अधिक मोठी हानी मनुष्यकृत आहे. पूरमैदानाचा पोयटा विटांसाठी उत्तम असल्याने नदीकाठी वीटभट्ट्या लागतात आणि दरडीच्या दरडी विटा होऊन जातात. वाळूउपशाने पात्र खोल होते, काठाचा पाया सुटतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लहान क्षेत्रातील वाळूउपशालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक केली, परंतु त्या नियमांचा हेतू नदीच्या आजच्या प्रवाहाचे आणि भूजलाचे रक्षण हा आहे. काठातील प्राचीन थर त्यांच्या कक्षेत थेट येत नाहीत. पुरातत्त्वीय कायद्याचे संरक्षण मुख्यतः वास्तू आणि वस्तीच्या टेकाडांना मिळते. ज्या दरडीत भांडे नाही, भिंत नाही, फक्त गोटे आणि माती आहे, ती कोणत्याच यादीत सहसा नसते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागराखाली गोदावरीकाठचा मोठा पट्टा गेला, तो धरणाच्या गरजेपुढे अपरिहार्यच होता.

कांदिवलीचे टॉड यांनी पाहिलेले छेद आज दाट उपनगरी वस्तीत आहेत. तेथील सर्वांत खालच्या चिकणमातीतली हत्यारे मूळ त्याच थरातली होती की नंतर खाली उतरली होती, याचा निर्णय दरड पुन्हा पाहूनच करता आला असता.